आमच्या आवडीचं कपाट: वाचनालयातल्या कर्मचाऱ्यांनी पुस्तकं आणि मालिका कशा सुचवाव्यात

"काहीतरी चांगलं द्या हो." देवघेवीच्या काउंटरवर बसणाऱ्या प्रत्येकाने हे वाक्य ऐकलेलं असतं. वाचक पुस्तकाचं नाव सांगतो तेव्हा आपलं काम कपाटापर्यंत जाऊन येण्याचं असतं. नाव न सांगता तो आपल्यावर भिस्त ठेवतो, तेव्हा ग्रंथालयात काम करणाऱ्या माणसाचा खरा उपयोग सुरू होतो. पुण्यातल्या कितीतरी वाचनालयांत या प्रश्नाचं उत्तर 'नवीन आलेली पुस्तकं' या फळीकडे बोट दाखवून दिलं जातं. नवं पुस्तक त्या माणसाला रुचेलच असं नाही, आणि ती फळी दुपारपर्यंत रिकामी झालेली असते.

त्यावरचा उपाय म्हणजे कर्मचाऱ्यांच्या आवडीचं एक वेगळं कपाट. ते उभं करायला फार पैसा लागत नाही, पण शिस्त लागते. खाली सांगितलेली पद्धत पेठेतल्या जुन्या वाचनालयाला चालेल, कोथरूड-हडपसरच्या सोसायटीतल्या छोट्या ग्रंथालयालाही चालेल. तिच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: शिफारस एका माणसाची असावी, तिच्याखाली त्या माणसाची ओळख असावी, आणि पुस्तक कोणाला आवडेल याइतकंच कोणाला आवडणार नाही हेही तिच्यात लिहिलेलं असावं. 'वाचनीय', 'संग्राह्य', 'प्रत्येकाने वाचावे' असल्या शेऱ्यांवर कुणी पुस्तक घरी नेत नाही.

हे काम वाचनालयानेच का करायचं, तेही सांगतो. पुणे नगर वाचन मंदिराची सुरुवात १८४८ ची, पुणे मराठी ग्रंथालयाची १९११ ची. अशा संस्थांच्या कपाटांत अशी हजारो पुस्तकं आहेत जी आज अप्पा बळवंत चौकातल्या कुठल्याही दुकानात मिळणार नाहीत, कारण त्यांच्या आवृत्त्या संपून काळ लोटला. दुकानदार छापात असलेलंच पुस्तक सुचवू शकतो, मोबाइलवरचं दुकान खपणारंच सुचवतं. चाळीस वर्षांपूर्वीचं, न खपलेलं पण उत्तम पुस्तक सुचवू शकेल असं ठिकाण गावात एकच उरतं. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली. त्यातलं 'प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक' हे दुसरं सूत्र आपल्याला पाठ असतं. तिसरं, 'प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक', मागे पडतं. आवडीचं कपाट हे त्या तिसऱ्या सूत्राचं काम आहे.

आधी माणसं गोळा करा

कपाट, पाट्या, स्टँड यांचा विचार नंतर. आधी किती जण लिहिणार ते ठरवा. तिघे असले तरी पुरे. एकट्या ग्रंथपालांनी सगळी कार्डं लिहिली तर महिन्याभरात कपाटाला एकच चव येते आणि त्यांच्यासारखी आवड असलेलेच वाचक तिकडे फिरकतात.

माणसं निवडताना हुद्दा पाहू नका. देवघेवीवरच्या ताई, मासिक विभाग सांभाळणारे दादा, संध्याकाळी अर्धवेळ येणारी विद्यार्थिनी, शिपाई, सगळ्यांना विचारा. पुस्तकबांधणी करणाऱ्याला तर आवर्जून विचारा. कुठलं पुस्तक पुन्हा पुन्हा शिवणीला येतं हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नसतं. जाहिरातीशिवाय, परीक्षणाशिवाय वाचकांनी झिजवलेली पुस्तकं त्याच्या हाताखालून जातात. त्याने स्वतः ती वाचलेली नसली तरी निवड कुठून सुरू करायची हे तो सांगू शकतो.

"मी फार वाचत नाही" असं म्हणणारा सहकारी बहुतेक वेळा संकोचाने बोलत असतो. त्याला 'आवडतं साहित्य' विचारू नका. 'शेवटचं कुठलं पुस्तक वाचताना बसथांबा चुकला, जेवण थंड झालं?' असं विचारा. पाककृतींचं पुस्तक निघेल, शेअर बाजाराचं निघेल, रहस्यकथा निघेल. ते सगळं कपाटात यायला हवं. वाचक तसेच असतात.

आता वेळेबद्दल, आणि हे कार्यकारिणीच्या सभासदांनी वाचावं अशी माझी मनापासून इच्छा आहे. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाखाली मान्यता मिळालेल्या वाचनालयांना अ, ब, क, ड अशा वर्गानुसार अनुदान मिळतं आणि त्यातून कर्मचाऱ्यांच्या हाती पडणारी रक्कम तुटपुंजी असते. अशा माणसाला 'घरी वाचून ये' म्हणणं अन्याय आहे. आठवड्यातून निदान एक तास कामाच्या वेळेतच वाचनाला द्या. दुपारी एक ते चार काउंटर शांत असतो, तेव्हा पाळीने तो तास घेता येतो. काउंटरवर पुस्तक उघडून बसलेला कर्मचारी पाहून काही वाचक नाक मुरडतील. त्यांच्यासाठी 'पुढच्या शिफारशीचं वाचन चालू आहे' अशी छोटी पाटी समोर ठेवा. लोक कुतूहलाने विचारायला लागतात.

कुठली पुस्तकं निवडायची

प्रत्येकाने महिन्याला दोन पुस्तकं द्यावीत, त्याहून जास्त नकोत. निवडताना हे नियम पाळले तर पुढचा बराच त्रास वाचतो.

पुस्तक शिफारस करणाऱ्याने पूर्ण वाचलेलं असावं. शाळेत असताना वाचलेलं असेल तर पुन्हा चाळावं, कारण आपली आठवण पुस्तकापेक्षा गोड असते.

मागणी आधीच तुफान असलेलं पुस्तक टाळा. ज्याच्यासाठी राखीव यादीत नावं आहेत त्याला आपली मदत नको. तारीखपट्टी पाहा. वर्ष-दोन वर्षांत शिक्का पडलेला नाही पण पुस्तक धडधाकट आहे, असं पुस्तक या कपाटाचं पहिलं दावेदार. संगणकीकरण झालेलं असेल तर 'ई-ग्रंथालय' किंवा 'कोहा' या ग्रंथालयाच्या संगणकप्रणालीमधून न फिरलेल्या पुस्तकांची यादी काढा, ती छापा आणि सहकाऱ्यांपुढे ठेवून फक्त इतकंच विचारा, 'यातलं कुणी काही वाचलंय?' या एका प्रश्नातून मिळणारी पुस्तकं मला सर्वांत मोलाची वाटतात.

प्रत हाताळून पाहा. पिवळी पडलेली चालेल, पानं सुटी झालेली नको. वास येणारं पुस्तक वाचक परत ठेवतो आणि पुन्हा त्या कपाटाकडे येत नाही.

शेवटचं, जाडीचा समतोल. पंधरा पुस्तकांत निदान पाच तरी दीडशे पानांच्या आतली असू द्या. नोकरी आणि पुण्याची वाहतूक यातून वेळ काढणाऱ्या माणसाला पाचशे पानी कादंबरी हातात घेतानाच परतीची तारीख दिसते.

कार्ड लिहिणं: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

पोस्टकार्डाच्या आकाराचा जाड कागद घ्या. हाताने लिहा. छापील मजकूर लोक सूचनाफलकासारखा वाचतात, म्हणजे वाचत नाहीत. अक्षर वाईट असेल तर सहकाऱ्याकडून लिहून घ्या, पण शब्द स्वतःचे ठेवा. पन्नास-साठ शब्दांपुढे जाऊ नका.

पाठीमागच्या मलपृष्ठावर जे आहे ते कार्डावर नको, ते वाचकाला दोन सेकंदांत तिथेच वाचता येतं. पुरस्कारांची यादी नको. लेखकाचा परिचय नको. शेवट तर अजिबात नको, आणि 'शेवट वाचून धक्का बसेल' हेही नको, कारण मग वाचक धक्क्याचीच वाट बघत वाचतो.

मग काय हवं? मनात चार प्रश्न ठेवा. सिअ‍ॅटलच्या ग्रंथपाल नॅन्सी पर्ल यांनी पुस्तकात शिरायची चार दारं सांगितली आहेत: गोष्ट, माणसं, स्थळ-काळ आणि भाषा. कुणी 'पुढे काय' यासाठी वाचतो, कुणाला पात्रांचा सहवास हवा असतो, कुणाला एखाद्या प्रदेशात किंवा काळात राहून यायचं असतं, कुणी वाक्यांसाठी वाचतो. आपल्या पुस्तकाचं मोठं दार कुठलं हे ठरवा आणि कार्डाचं पहिलं वाक्य त्याबद्दलच लिहा.

उदाहरण म्हणून व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' घेऊ. १९५५ साली आलेली ही कादंबरी सगळ्यांना ऐकून माहीत असते, वाचलेली अनेकांनी नसते. एक कार्ड असं लिहिता येईल: 'ग्रामीण साहित्यातील मैलाचा दगड. माणदेशाचे विदारक चित्रण. प्रत्येकाने वाचलीच पाहिजे.' यात चुकीचं काही नाही, पण वाचकाच्या हाती काही लागतही नाही.

दुसरं असं:

'माणदेशातल्या धनगरांच्या वस्तीवर एक कोवळा मास्तर शाळा चालवायला येतो. मोठं कथानक नाही. एकेक माणूस ओळखीचा होत जातो, इतकंच. वाक्यं लहान, एकही शब्द जास्तीचा नाही. वेग आणि रहस्य हवं असेल तर सध्या दुसरं काही घ्या. प्रवासात वाचायला उत्तम, दोन संध्याकाळींत संपते. — संध्याकाळची पाळी, देवघेव.'

इथे वाचकाला दार कळलं, वेळ कळला, आणि पुस्तक आपल्यासाठी नसेल तर तेही कळलं. 'हे हवं असेल तर दुसरं घ्या' हे वाक्य लिहायला सुरुवातीला हात धजावत नाही. पण त्याच वाक्यामुळे बाकीच्या कार्डावर विश्वास बसतो.

खाली ओळख कशी द्यायची ते प्रत्येकाला ठरवू द्या. काहींना नाव चालतं, काहींना नुसता विभाग बरा वाटतो. फोटोची सक्ती करू नका, विशेषतः महिला सहकाऱ्यांवर. सही कुठलीही असो, ती दर वेळी सारखी असावी, म्हणजे तीन-चार महिन्यांत वाचक म्हणू लागतात, 'मासिक विभागवाल्यांचं माझ्याशी जुळतं, त्यांचं नवीन काय?' तिथे कपाट रुजलं असं समजा.

कपाटाची जागा आणि नोंद

प्रवेशद्वाराशी ठेवू नका. आत येणारा माणूस घाईत असतो, हातात परत करायचं पुस्तक असतं. परत केल्यानंतर पिशवी रिकामी होते, ती भरायची जागा म्हणजे काउंटरच्या बाजूची भिंत. पुस्तकं कण्यावर नको, मुखपृष्ठ दिसेल अशी उभी करा, डोळ्यांच्या पातळीवर. ज्येष्ठ वाचक बरेच असतील तर खालची फळी रिकामीच ठेवा, वाकायला लावू नका. पावसाळ्यात खिडकीपासून दूर. जुलै-ऑगस्टमध्ये पुण्याच्या दमट हवेत उघडी ठेवलेली मुखपृष्ठं वळतात.

बारा ते पंधरा पुस्तकं पुरतात. जागा रिकामी झाली की त्याच दिवशी भरायची, म्हणून प्रत्येकाकडून एक जादा कार्ड लिहून ठेवा. रिकामी फळी दोन दिवस दिसली की तिसऱ्या दिवशी कुणी पाहत नाही.

नोंदीचं काम कंटाळवाणं आहे आणि तिथेच बहुतेक उपक्रम कोसळतात. पुस्तक मूळ जागेवरून हललं की शोधणाऱ्याला ते हरवलेलं वाटतं. मूळ जागी पुठ्ठ्याची पट्टी उभी करा, तिच्यावर दाखल क्रमांक आणि 'आवडीच्या कपाटात' एवढं लिहा. संगणकात स्थळ बदला. परत आल्यावर कुठे जायचं ते तारीखपट्टीशेजारी पेन्सिलीने खूण करून ठेवा. जिथे वाचकाला कपाटांपर्यंत जाता येत नाही आणि चिठ्ठी देऊन पुस्तक मागवावं लागतं, अशा वाचनालयांत हे सगळं दुप्पट काळजीने करा. तिथल्या वाचकाला पुस्तक हातात घेऊन चाळायची सोय या एकाच कपाटात मिळणार आहे.

या कपाटातल्या पुस्तकाला पहिले सहा महिने मुदतवाढ देऊ नका. एकच प्रत असेल तर कार्ड फळीवरच राहू द्या, त्यावर 'बाहेर आहे, नाव नोंदवा' अशी चिठ्ठी लावा. वाट पाहायला लोक तयार असतात.

काउंटरवरचं बोलणं

कार्ड सर्वांसाठी असतं, काउंटरवरची शिफारस एकासाठी. पहिला प्रश्न 'कुठला प्रकार आवडतो?' हा विचारू नका. बहुतेकांना प्रकारांची नावं घेऊन आवड सांगता येत नाही. सांगतात तेव्हा प्रतिष्ठेचं नाव सांगतात. त्याऐवजी दोन प्रश्न विचारा. अलीकडे कुठलं आवडलं? आणि कुठलं अर्ध्यात सोडलं? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर जास्त प्रामाणिक असतं.

समजा, एक काका पेशवाईवरची कादंबरी परत करतात आणि म्हणतात, "असंच अजून द्या." लगेच दुसरी ऐतिहासिक कादंबरी पुढे करायची घाई नको.

"काका, यातलं काय जास्त आवडलं? लढाया, दरबारातलं राजकारण, की तेव्हाचं पुणं?"

"पुणंच हो. वाड्यांची वर्णनं, पेठा, ते लोक कसे राहायचे ते."

आता कळलं की यांचं दार स्थळ-काळाचं आहे. यांना पानिपतावरच्या कादंबरीपेक्षा एकोणिसाव्या शतकातल्या पुणेकराचं आत्मचरित्र किंवा शहराच्या जुन्या वास्तूंवरचं पुस्तक जास्त आवडू शकेल. "राजकारण" म्हणाले असते तर स्वातंत्र्योत्तर काळातली राजकीय कादंबरीही चालली असती. "भाषा" म्हणाले असते तर बखरी उघडून दाखवायला हरकत नव्हती. उत्तर कळायला अर्धा मिनिट लागतो, आणि काउंटरवर रांग असली तरी तो काढावा.

दोन पुस्तकं पुढे ठेवा, पाच नको. एक जवळचं, एक थोडं दूरचं. मग मान खाली घालून आपल्या कामाला लागा. समोर उभं राहून पाहिलं की वाचकाला नाही म्हणता येत नाही.

आवडलं नाही म्हणून कुणी परत आणलं तर त्याचं स्वागत करा. पर्ल यांचाच एक नियम इथे कामी येतो: पन्नास पानं वाचून मन रमलं नाही तर पुस्तक मिटावं, आणि वय पन्नाशीच्या पुढे असेल तर शंभरातून वय वजा करून उरतील तेवढीच पानं वाचावीत. सत्तर वर्षांच्या आजींनी तीस पानांत निर्णय घ्यावा. हे ऐकून ज्येष्ठ वाचकांना फार मोकळं वाटतं. सुरू केलेलं पुस्तक संपवलंच पाहिजे ही शिकवण आपल्याकडे खोल रुजलेली आहे, आणि तिच्यापायी कितीतरी जण वाचनच सोडतात.

एक पथ्य कडक पाळा. 'शेजारच्या वहिनींनी हेच नेलं होतं, त्यांना आवडलं' असं कधीही म्हणायचं नाही. कोण काय वाचतं ही वाचनालय आणि सभासद यांच्यातली खासगी गोष्ट आहे. पेठांमध्ये सगळे एकमेकांना ओळखतात, म्हणून तर अधिकच. आजारपणावरचं, घटस्फोटाच्या कायद्यावरचं, मनोविकारांवरचं पुस्तक नेणाऱ्याला आपल्या तोंडाची खात्री वाटली पाहिजे.

मालिका आणि चित्रपट

'वाचनालयाने मालिका सुचवायच्या?' असा आक्षेप येईल. जरूर सुचवाव्यात. आपला वाचक संध्याकाळी पडद्यासमोरही बसतो, आणि पडद्यावरून पुस्तकाकडे येणारी वाट मराठीत चांगली रुंद आहे. फक्त एक अट ठेवा: पडद्यावरची प्रत्येक शिफारस आपल्या कपाटातल्या एखाद्या पुस्तकाशी जोडलेली असावी. कार्डावर दोन भाग करा, 'पाहा' आणि 'मग वाचा'.

जोड्या लावताना कर्मचाऱ्याचं ज्ञान दिसतं. जब्बार पटेलांचा १९७९ चा 'सिंहासन' पाहून आलेला तरुण त्याच नावाची कादंबरी मागतो. तो चित्रपट अरुण साधूंच्या 'सिंहासन' आणि 'मुंबई दिनांक' अशा दोन कादंबऱ्यांवर आधारलेला आहे, तेव्हा दोन्ही त्याच्या हातात द्या. पटेलांचाच १९७७ चा 'जैत रे जैत' गाण्यांमुळे घराघरांत माहीत आहे, पण त्यामागे गो. नी. दांडेकरांची कादंबरी आहे हे नव्या पिढीतल्या अनेकांना ठाऊक नसतं. २०१७ च्या 'फास्टर फेणे' चित्रपटातला नायक वैद्यकीय प्रवेशपरीक्षेसाठी पुण्यात आलेला तरुण आहे, भा. रा. भागवतांच्या पुस्तकांतला बन्या मात्र शाळकरी पोरगा. पालक आठ-दहा वर्षांच्या मुलासाठी विचारतात तेव्हा हा फरक सांगितला की मुलगा गोंधळत नाही.

जोडी थेट रूपांतराचीच हवी असं नाही. एखादी तपासकथांची वेबमालिका पाहणाऱ्याला जुन्या मराठी रहस्यकथा द्या. कोर्टातले खटले पाहणाऱ्याला वकिलांची आत्मचरित्रं द्या. स्वयंपाकाचे कार्यक्रम पाहणाऱ्या मावशींना प्रांतोप्रांतीच्या खाद्यसंस्कृतीवरची पुस्तकं द्या.

मालिका कुठल्या ॲपवर आहे ते कार्ड लावण्याच्या दिवशी तपासा आणि पेन्सिलीने लिहा, कारण ती जागा बदलत राहते. वयोगटही लिहा. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार या ॲपवरच्या मालिकांना यू, यूए ७+, यूए १३+, यूए १६+ आणि ए अशा श्रेणी द्याव्या लागतात, तीच श्रेणी कार्डावर उतरवा. 'टेलिग्रामवर मिळते' असं कुणी सुचवलं तरी तसं लिहायचं किंवा बोलायचं नाही. आपण पुस्तकांच्या झेरॉक्स प्रती विकणाऱ्यांना विरोध करतो, मग इथे वेगळा न्याय चालणार नाही. सभागृहात चित्रपट दाखवायचा मोह झाला तर थांबा. ते सार्वजनिक प्रदर्शन ठरतं आणि १९५७ च्या कॉपीराइट कायद्याखाली हक्कधारकाची परवानगी लागते. घरचं सदस्यत्व वापरून तिथे चित्रपट लावता येत नाही.

अभ्यासिकेतली मुलं

पुण्यातल्या वाचनालयांचा सर्वांत मोठा न पोचलेला वाचक त्याच इमारतीत बसलेला असतो. स्पर्धा परीक्षेसाठी गावाहून आलेली मुलंमुली सकाळी अभ्यासिकेत येतात, रात्री जातात, आणि देवघेव विभागाची पायरीही चढत नाहीत. त्यांना कादंबरी म्हणजे वेळेची चोरी वाटते. त्यांच्यासाठी अभ्यासिकेच्या बाहेर, चहाला जायच्या वाटेवर, आवडीच्या कपाटाची एक फळी काढा. पाच-सहा पुस्तकं, सगळी अशी की पंधरा मिनिटांत एक तुकडा संपतो: लघुकथा, ललित लेख, व्यक्तिचित्रं, कविता. कार्डावर पान क्रमांकासह सांगा, 'फक्त पान ४२ ते ५० वाचा, चहा गार व्हायच्या आत संपतं.' वर्गणी नसली तरी तिथे उभ्याने वाचू द्या. निबंधाच्या पेपरला आणि मुलाखतीला याचा उपयोग होतो हे खरं असलं तरी कार्डावर ते लिहू नका. त्यांना दिवसभरात तेवढा एकच वेळ असा मिळतो की ज्याचा परीक्षेशी संबंध नसतो.

वर्षाचं वेळापत्रक

कपाट महिन्याच्या पहिल्या आठवड्यात बदला. पुण्याचं वर्ष त्यासाठी विषय पुरवतं. ज्येष्ठाच्या अखेरीस पालख्या मुक्कामाला येतात तेव्हा संतसाहित्याबरोबर वारीवरची ललित पुस्तकं. पुरुषोत्तम करंडकाच्या एकांकिका भरत नाट्य मंदिरात रंगतात त्या दिवसांत नाटकं काढा. १९६३ पासून चालत आलेल्या या स्पर्धेमुळे महाविद्यालयीन मुलं तेव्हा संहिता शोधत असतात आणि नाटकांचं कपाट एरवी धूळ खातं. डिसेंबरात सवाई गंधर्व महोत्सव, तेव्हा गवयांची चरित्रं.

दिवाळी अंकांचं मात्र वेगळं प्रकरण आहे. का. र. मित्र यांच्या 'मनोरंजन'ने १९०९ मध्ये सुरू केलेली ही परंपरा वाचनालयांच्या उत्पन्नाचा आणि गर्दीचा मोठा भाग आहे. अंकांची योजना घेतलेला सभासद ढिगातून नेमका कुठला अंक उचलावा या संभ्रमात असतो, आणि अंक चाळून ठेवायला आपल्याकडे थोडेच दिवस असतात. अंक आपसात वाटून घ्या. प्रत्येक अंकाच्या मुखपृष्ठावर चिठ्ठी लावा: 'यातली पान अमुकवरची कथा चुकवू नका', 'कविता उत्तम, बाकी सोडलं तरी चालेल'. संपूर्ण अंकावर शेरा नको, एका लेखाकडे बोट दाखवा. ही चिठ्ठी लोक काउंटरवर येऊन मागायला लागतात.

दबाव आणि तक्रारी

लेखक स्वतःचं पुस्तक घेऊन येतील. कार्यकारिणीतले कुणी नातेवाइकाचा कवितासंग्रह ठेवायला सांगतील. नियम लेखी करून कपाटावरच लावा: 'इथली पुस्तकं कर्मचाऱ्यांनी वाचून स्वतः निवडली आहेत. भेट आलेली पुस्तकं वेगळ्या फळीवर आहेत.' ग्रंथपालांनी या नियमाच्या पाठीशी उभं राहायचं, कनिष्ठ सहकाऱ्याला एकटं सोडायचं नाही.

एखाद्या पुस्तकाबद्दल 'हे इथे कशाला?' असा राग घेऊन कुणी आलं तर वाद घालू नका. म्हणणं ऐका, तक्रारवहीत लिहून घ्या, पुस्तक ग्रंथालयाच्या रीतसर खरेदीतलं आहे आणि शिफारस एका व्यक्तीची आहे हे शांतपणे सांगा. विरुद्ध बाजूचं चांगलं पुस्तक माहीत असेल तर ते त्यांच्या हातात द्या. भीतीपोटी त्याच दिवशी कार्ड काढू नका. काढायचं असेल तर ते लिहिणाऱ्याशी बोलून, महिना संपल्यावर.

चाललंय की नाही, कसं ओळखायचं

एक वही पुरे. रकाने: दाखल क्रमांक, शिफारस कुणाची, कपाटात ठेवल्याची तारीख, आधीच्या वर्षातले शिक्के, ठेवल्यानंतरच्या तीन महिन्यांतले शिक्के. तीन महिन्यांत एकदाही न गेलेलं पुस्तक मागे पाठवा, पण पुस्तकाला दोष देण्याआधी कार्ड बदलून पाहा. पहिलं वाक्य बदललं की कधीकधी तेच पुस्तक निघून जातं. एकमेकांचे आकडे तुलनेला लावू नका. रहस्यकथा सुचवणारा नेहमीच पुढे असणार, आणि तत्त्वज्ञानाचं पुस्तक वर्षात दोघांनी नेलं तरी ते दोघे दुसरीकडे कुठेच गेले नसते.

उतरवलेली कार्डं फेकू नका. पुस्तक मूळ जागी जाताना कार्ड मागच्या आतल्या पुठ्ठ्याला पाकिटात घाला, आणि त्याची एक नक्कल फायलीत लावा, लेखकाच्या आडनावाच्या क्रमाने. नवा माणूस कामाला लागला की पहिल्या आठवड्यात त्याच्या हातात ही फाइल द्या आणि तिच्यातल्या एका पुस्तकावर, जुनं कार्ड न बघता, स्वतःचं कार्ड लिहायला सांगा.